घरगुती कारण नाही

आमच्या वकीलबाईंची गोष्ट सांगते. पण आधीच बजावून ठेवते, मध्येच कुणी "मुलीनं जरा सोसायला हवं होतं" असं म्हणायचं नाही. ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आत्ताच उठावं, दार उघडंच आहे. सोसणाऱ्या बायका मी रोज बघते, माझ्याच खुर्चीत बसून रडतात त्या. मला त्यांची दया येते, कौतुक वाटत नाही.

वकीलबाई म्हणजे माझी भाची, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भावाला मी दादा म्हणते. वकील ती नाही आणि होणारही नाही, शिकते रसायनशास्त्र. पण बोलायला लागल्यापासून एक गोष्ट तिनं "का?" विचारल्याशिवाय ऐकली असेल तर शपथ. जेव म्हटलं तर का, झोप म्हटलं तर का, गप्प बस म्हटलं तर तिसऱ्यांदा का. वहिनी एकदा वैतागून म्हणाली, "वकील तर जन्माला घातलाय मी, आता कुणीतरी न्यायाधीश आणून द्या." तेव्हापासून तेच नाव पडलं.

आमचं सलून आहे. रस्त्याला लागून एक लांबट खोली आणि मधोमध प्लायवूडची भिंत. भिंतीच्या एका अंगाला दादा पुरुषांचे केस कापतो, दुसऱ्या अंगाला मी बायकांचे. भिंत छताला टेकत नाही, त्यामुळे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सगळं ऐकू येतं. कुणाचं लग्न मोडतंय हे आम्हा भावंडांना त्या दोघांच्याही आधी कळतं. वहिनी आमच्यात नाही, ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. म्हणते, "तुम्ही दोघं एकमेकांचे केस उपटा, मी आपली चादरी धुते."

पोर वाढली ती सलूनमध्येच. शाळा सुटली की दप्तर बाकाखाली ढकलायची आणि माझ्या शेजारी स्टुलावर चढून बसायची. हळूहळू केसांचा रंग कालवायला लागली. मग प्रश्न सुरू. एकच रंग, एकच वाटी, मग या काकूंच्या केसांवर झटकन बसला आणि त्या काकूंच्या पांढऱ्यावर का बसत नाही? मी म्हटलं, "बाई गं, डोकं डोक्यासारखं असतं." तिला पटलं नाही. रंगाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत बसायची, शाळेत जाऊन बाईंना छळायची. रसायनशास्त्र तिच्या डोक्यात शिरलं ते असं, माझ्या वाटीतून. कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा दादानं दिवसभर येईल त्याला पकडून सांगितलं. एकाची तर दाढी झाली, पैसे देऊन झाले, तरी त्याला सोडेना.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण घोडं तिथेच अडलं. आमच्या अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे सलून काढलं आणि एक नियम घालून दिला. दुसऱ्याच्या कात्रीला नाव ठेवायचं नाही. एखादं गिऱ्हाईक दुसरीकडून डोक्याचं वाटोळं करून घेऊन येतं, टोपी काढायला लाजतं. त्याला "कुणी कापले हो?" असं विचारायचं नाही. च्च् करायचं नाही, भुवई उडवायची नाही. निमूट कापड बांधायचं आणि होईल तेवढं निस्तरायचं. अण्णा म्हणायचे, "त्याची मान आधीच खाली गेलेली असते, तुम्ही आणखी दाबू नका. आणि दुसऱ्याच्या कात्रीला नाव ठेवणाऱ्याची स्वतःची बोथट असते, हे पक्कं समजा." दादा तर हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळतो. मी पाळते, पण मला जीभ चावावी लागते. पोर मात्र तो दुधाबरोबर प्यायली.

कॉलेज मोठ्या शहरात. आठवडाभर ती वसतिगृहात राहायची आणि शनिवार-रविवार घरी यायची, कारण रंगाचं काम सगळं शनिवार-रविवारीच तुंबतं आणि तिच्यासारखा हात माझा नाही. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि आमच्या वकीलबाई दोन विषयांत गचकल्या. त्यातला एक प्रयोगशाळेचा! जी पोर वाटीतल्या रंगाशी गप्पा मारायची, ती प्रयोगात नापास. मला काही केल्या गणित सुटेना.

त्याच रविवारी सलून बंद केल्यावर तिनं सांगितलं, "मी कॉलेज बदलणार आहे. इथलं सोडून दुसरीकडे अर्ज करते."

दादा वस्तरा पुसत होता. म्हणाला, "एकदा आपटलीस म्हणून पळायचं? अर्धी दाढी करून कुणी खुर्चीतून उठतं का?"

"कान कापायला लागला तर उठतंच!" मी भिंतीपलीकडून ओरडले.

"तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये भिंत आहे, मी पडतेय कुठे!"

पोरीला हसू आलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. दादानं तिला विचारलं, कुठे जाणार? तिनं जी नावं घेतली ती सगळी लांबची. शनिवार-रविवार येणं-जाणं शक्यच नाही अशी. दादाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नसताना भिंतीवरून त्याचा आवाज आला, अगदी हलका. "तिला आता सलूनची लाज वाटते गं. कॉलेजातल्या पोरींचे बाप कोण कोण असतील. आपलं तोंड लपवायला लांब चाललीये ती."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!" पण माझ्याकडे तरी दुसरं उत्तर कुठे होतं?

ते मला मिळालं पुढच्या शनिवारी. पोर म्हणाली, आत्या, माझे केस काप. आमच्या धंद्यात एक बरं असतं, समोर आरसा असतो. माणसं आपल्या तोंडाकडे बघून जे बोलत नाहीत ते आरशातल्या तोंडाला सांगतात. मी कंगवा फिरवत राहिले, काही विचारलं नाही. भिंतीपलीकडे कुणी नव्हतं, दादा जेवायला घरी गेला होता. आणि ती आरशात बघत सांगायला लागली.

पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी एकेकाला विचारलं, घरी काय करतात. हिनं ताठ मानेनं सांगितलं, सलून आहे. सर म्हणाले, "मग इथे कशाला वेळ घालवतेस? कात्री चालवायला डिग्री लागत नाही." वर्ग हसला. तेव्हापासून ते तिला नावानं हाक मारेचनात. "ए सलून, ती बाटली आण." "सलून, उत्तर दे." हेही तिनं गिळलं. पण प्रयोगाचा तास नेमका सोमवारी. शनिवार-रविवार माझ्याकडे रंग लावून लावून तिच्या बोटांना काळपट तपकिरी डाग पडायचे. हातमोजे घातले तरी ते फाटतात, नखांच्या कडेनं रंग शिरतोच, आणि तो रंग काही एका धुण्यात जात नाही. सरांनी तिला सगळ्यांसमोर हात पुढे करायला लावले. म्हणाले, "बघा, असे हात घेऊन लोक रसायनशास्त्र शिकायला येतात. जा, धुऊन ये. स्वच्छ झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही." ती नळावर जाऊन घासायची, घासून घासून कातडी सोलायची, तोवर तास संपलेला. दर सोमवारी हेच. बाहेरच्या बाकावर ती आणि आत प्रयोग. हजेरी कुठून भरणार, आणि प्रयोग न करता पास कशी होणार?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कात्री हातात होती, तरी बरं, समोर सर नव्हते. मी म्हटलं, "अगं कार्टे, मग शनिवारी यायचं बंद करायचंस! मला सांगायचंस!"

ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि बाबांना काय सांगणार होते? तुमच्या सलूनमुळे मला बाहेर काढतात? त्यांनी त्याच दिवशी मला रंगाला हात लावू दिला नसता. आयुष्यभर अपराधी वाटून घेतलं असतं. आत्या, तू शब्द दे, त्यांना सांगणार नाहीस."

मी दिला शब्द. फार जड गेला. एका बाजूला दादा म्हणतो हिला लाज वाटते, दुसऱ्या बाजूला ही पोर त्याला लाज वाटू नये म्हणून बोटं सोलून घेते, आणि मध्ये मी, तोंडाला कुलूप. माझ्यासारख्या बाईच्या तोंडाला!

अर्ज तिनं एकटीनं भरले. चार ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी एक निवेदन लिहायचं होतं, आधीचं कॉलेज का सोडताय ते सांगा म्हणून. दोन कॉलेजांनी नकार कळवला. तिसऱ्यानं उत्तर द्यायचे कष्टही घेतले नाहीत. चौथ्यानं मुलाखतीला बोलावलं. वहिनीला सुट्टी मिळेना, दादा फुगून बसलेला, म्हणून मी माझी बाजू बंद ठेवून तिच्याबरोबर गेले.

इमारत जुनीच होती, पण जिने पुसलेले होते. खोलीत एक बाई बसल्या होत्या, त्याच तिथल्या विभागप्रमुख. त्यांचे केस आखूड कापलेले, मागून एका बाजूला बोटभर लांब राहिलेले. मी काही बोलले नाही. नियम म्हणजे नियम.

बाईंनी पोरीचा अर्ज समोर धरला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मी हे दोनदा वाचलं. तू लिहिलंयस, आधीचं कॉलेज उत्तम आहे, शिक्षक उत्तम आहेत, प्रयोगशाळा उत्तम आहे. कमी मीच पडले. मग मला सांग, इतक्या उत्तम ठिकाणी तू नापास झालीस, तर आमच्याकडे पास कशी होशील?"

मी कपाळावर हात मारला. म्हणजे पोरीनं चारही ठिकाणी हेच लिहिलं होतं! जिथे जिथे विचारलं, केस कुणी बिघडवले, तिथे तिथे या बाईसाहेब म्हणाल्या, कापणारा फार छान होता, डोकंच माझं वाकडं. अण्णा, तुमचा नियम खुर्चीत बसलेल्यासाठी नव्हता हो! तो आमच्यासाठी होता, कात्री धरणाऱ्यांसाठी. गिऱ्हाइकानं ओरडायला कधी बंदी होती? पण हे आम्ही तिला कधी सांगितलंच नाही. आम्हाला तरी सांगायची गरज कुठे पडली होती?

"अहो बाई," मी तोंड उघडलं, "आमच्या धंद्यात असं आहे की..."

"आत्या, तू थांब," पोर म्हणाली.

तिच्या मानेवरची शीर टरारली होती. मला वाटलं आता ही पुन्हा "उत्तम" म्हणते आणि आम्ही दोघी बस पकडून घरी. पण ती म्हणाली, "मी खोटं लिहिलं. मला वाटलं, दुसऱ्याबद्दल वाईट लिहिणं वाईट." आणि मग सगळं सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही, सरांचं नाव घेतलं नाही. नुसतं काय झालं ते, एकामागून एक. बाईंनी मध्ये एकच विचारलं, "आता हात दाखवशील?" पोर क्षणभर दचकली. मग तिनं हात टेबलावर ठेवले. डाग होतेच. आदल्याच दिवशी तिनं रंग लावला होता.

बाई म्हणाल्या, "कसला रंग आहे? केसावर कसा बसतो तो?"

बस्स! पुढचा अर्धा तास मी भिंतीवरची पाल झाले. दोघी अशा काही बोलत सुटल्या की मला त्यातलं "केस" आणि "रंग" एवढंच कळलं. शेवटी बाईंनी अर्जावर काहीतरी लिहिलं. "जागा देते. पहिलं सेमिस्टर पुन्हा करावं लागेल, तयारी आहे?"

"आहे."

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जुन्या कॉलेजचा दाखला हातात हवा. नाही आला तर यादीतल्या पुढच्या मुलाला जागा जाते, मग माझ्याही हातात काही नाही."

जुन्या कॉलेजच्या दाखल्यावर पालकाची सही लागते, तीही तिथे जाऊन, त्यांच्यासमोर. म्हणजे दादा हवा. दादा म्हणे, मी येणार नाही, जिला आमच्यापासून लांब जायचंय तिनं आपलं आपण जावं. मी भिंतीवर ब्रश आपटला. शब्द दिला नसता तर त्याच दिवशी सगळं ओकले असते. शेवटी वहिनी कामावरून आली, हात पुसत उभी राहिली. ती वर्षातून एकदा बोलते आणि तेव्हा सगळे ऐकतात. म्हणाली, "पोरगी जाणारच आहे. तुमच्या सहीनं जाऊ दे, नाहीतर तुमच्या रागानं जाईल. काय ते ठरवा." आणि चहा टाकायला आत गेली.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण तोंड मात्र धुतलेल्या फडक्यासारखं. बसमध्ये तो खिडकीकडे, पोर दाराकडे, आणि मी मध्ये.

कॉलेजचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक काउंटर. पलीकडे कारकून, अलीकडे पोरापोरींची रांग. कारकून भला माणूस होता. आमची पाळी आल्यावर त्यानं संगणकावर नाव काढलं, सगळं भरत गेला आणि कॉलेज सोडण्याच्या कारणाशी थांबला.

"घरगुती कारण टाकतो," म्हणाला. "सगळे तेच टाकतात. पाच मिनिटांत विभागप्रमुखांची सही होते आणि दाखला हातात."

दादा खाली बघत म्हणाला, "टाका."

"नको," पोर म्हणाली.

कारकुनाची बोटं तशीच राहिली. "का?"

"कारण ते खरं नाही. माझ्या घरात काही वाईट नाही. माझं घर चांगलं आहे."

दादानं मान वर केली.

"मग काय टाकू?" कारकून हसला. "कारण तर हवं."

"सांगते, तुम्ही लिहा," ती म्हणाली. आवाज असा खणखणीत की रांगेतल्या पोरांनी फोन खाली केले. "माझ्या वडिलांचं सलून आहे. मी सुट्टीच्या दिवशी तिथे केसांना रंग लावते, म्हणून माझ्या हातांवर डाग असतात. त्या डागांवरून सरांनी मला दर सोमवारी प्रयोगशाळेबाहेर बसवलं आणि सगळ्यांसमोर मला सलून म्हणून हाक मारली. म्हणून मी हे कॉलेज सोडते."

मी दादाकडे बघितलंच नाही. माझी छातीच झाली नाही. नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

कारकून हळूच पुढे झुकला. "पोरी, याच्या खाली त्याच सरांची सही लागते. विभागप्रमुख तेच आहेत. तुला आज दाखला हवाय ना? कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"हात त्यांनीच दाखवायला लावले होते," ती म्हणाली. "मी आपण होऊन नव्हते दाखवले."

रांगेत कुणीतरी फुस्सकन हसलं. कारकुनानं आमच्या तिघांकडे एकेकदा बघितलं, मग काय वाटलं कोण जाणे, टाइप करायला लागला. सगळं, तिनं सांगितलं तसं. कागद छापून निघाला. आणि त्यानं सरांना फोन केला.

सर आले. मला वाटलं होतं कुणी राक्षस येईल. साधा माणूस हो, पोट सुटलेला, खिशाला दोन पेनं. कागद वाचला, आधी हसले, मग हसायचं थांबले. म्हणाले, "वेडी आहेस का? मी गमतीनं म्हणायचो. आणि प्रयोगशाळेत शिस्त नको का? हे बदलून आण. नवीन कॉलेजवाले वाचतील, तुझंच नुकसान होईल."

"वाचू देत. त्यांना माहीत आहे."

"मग मी सही करत नाही. सोमवारी बघू."

सोमवारी! उचलली जीभ, लावली टाळ्याला. संध्याकाळी जागा जाणार होती आणि हे त्या माणसाला ठाऊक होतं, समोर ठेवलेल्या नव्या कॉलेजच्या पत्रावर तारीख लिहिलेली होती. माझ्या तोंडावर अशा अशा शिव्या आल्या की सांगायची सोय नाही. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मला दिसत होतं, "घरगुती" हा एक शब्द आणि ती मोकळी. तिलाही दिसत होतं. पण ती काउंटरची कड घट्ट धरून उभी राहिली आणि मान काही हलली नाही.

तेवढ्यात दादानं तिला हलकेच बाजूला केलं. कारकुनासमोरचं पेन उचललं. कागद स्वतःकडे ओढला, ओठ हलवत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर त्यानं पालकाच्या जागी सही केली. वळणदार, एकेक अक्षर काढत, सलूनच्या पाटीवर आहे तश्शी.

मग पेन सरांपुढे धरून म्हणाला, "सर, इतकी वर्षं लोकांची डोकी हातात घेतली, पण दुसऱ्याच्या कामाला कधी नाव ठेवलं नाही. आज ठेवतो. वाईट काम केलंत तुम्ही. एवढी गुणी पोर हातात दिली होती तुमच्या, वाईट काम केलंत. आता सही करा."

"मी प्राचार्यांशी बोलतो," सर म्हणाले.

"बोला ना," मी म्हटलं, "आम्हीही येतो, ही सगळी रांग पण येते!" खरंच आली असती. दोन-चार पोरी तर पुढे सरकल्याही होत्या, आणि त्यातली एक म्हणाली, "सर, मला पण तुम्ही..." आणि पुढचं ऐकायच्या आत सरांनी दादाच्या हातातलं पेन घेतलं. तिथेच, काउंटरवर, उभ्या उभ्या सही केली. कागदाकडे न बघता निघून गेले. ती पोरगी मात्र थांबली नव्हती, कारकुनाला सांगतच होती.

दाखला घेऊन आम्ही बाहेर आलो. पायऱ्यांवर ऊन होतं. दादा मध्येच थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं, तुला लाज वाटते."

"कसली?"

"आमची. सलूनची. म्हणून लांब चाललीस."

पोर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा," म्हणाली, "लाज वाटली असती तर घरगुती कारण लिहिलं असतं."

दादा तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, इस्त्रीच्या शर्टात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या कॉलेजच्या देखत. पोर त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. लोक वळून वळून बघत होते. मी डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि एकेकाकडे रोखून बघत उभी राहिले. रडू दे म्हटलं माझ्या भावाला. कुणाच्या बापाचं काय जातं!